रिपोर्टमधला आकडा नेमका कधीचा?

परवा टीममध्ये नुकत्याच आलेल्या एका मुलाने विचारलं, "सर, महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट करायचाय. डेटा सोर्स काय घेऊ? थेट टेबलं जोडू, व्ह्यू बनवू, की स्टोअर्ड प्रोसिजर लिहू?" मी काही बोलायच्या आत पलीकडच्या डेस्कवरून उत्तर आलं, "जे फास्ट पळेल ते घे रे!" सगळे हसले, मीही हसलो आणि विषय तिथेच संपला.

घरी येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मात्र तोच प्रश्न डोक्यात फिरायला लागला. कारण "जे फास्ट पळेल ते" हे उत्तर मीही कैक वर्षं दिलंय आणि त्याची फळंही भोगली आहेत. रिपोर्ट छापला जातो, त्यावर कोणीतरी सही करतं, तो फाइलला लागतो. सहा महिन्यांनी कोणीतरी तोच रिपोर्ट त्याच तारखांसाठी पुन्हा काढतं, आणि आकडा वेगळा येतो! मग शोधाशोध सुरू. प्रोग्रॅममध्ये बग सापडत नाही, बेरीज बरोबर असते, प्रिंटरही बिचारा ठीक असतो. रिपोर्टने डेटा भलतीकडून किंवा भलत्या क्षणी उचललेला असतो, एवढंच.

हा घोळ आपल्या पिढीचा नाही. यंत्राने रिपोर्ट काढायला सुरुवात झाली तेव्हापासून तो आहे, फक्त दर वीस-पंचवीस वर्षांनी त्याचं रूप बदलत गेलं. म्हणून या शनिवारी थोडा इतिहास. चहा घेऊन बसा.

कार्डांचा गठ्ठा

१८९० सालची अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या पंच कार्डांवर झाली. दर माणसामागे एक कार्ड, आणि त्यात वय, लिंग, जन्मस्थान वगैरेंची भोकं. हॉलरिथच्या त्या यंत्राला छापता येत नव्हतं. समोर घड्याळासारख्या ४० तबकड्या होत्या. त्यांच्यावरचा आकडा माणसाने वाचायचा आणि कागदावर उतरवायचा. स्वतः छापणारी टॅब्युलेटर यंत्रं १९२० च्या आसपास आली आणि पुढची तीस-चाळीस वर्षं मोठमोठ्या कंपन्यांचे पगार, बिलं, स्टॉक सगळं त्यांच्यावर चाललं.

रिपोर्ट काढायची पद्धत मोठी मजेशीर होती. विभागवार पगारपत्रक हवंय? मग आधी सगळी कार्डं सॉर्टर यंत्रातून काढून कर्मचारी क्रमांकाने लावा, मग विभाग क्रमांकाने लावा, आणि तो गठ्ठा टॅब्युलेटरमध्ये ठेवा. कार्डावरचा कुठला कॉलम कागदावर कुठे छापायचा ते प्लगबोर्डवर वायरी खोचून ठरवायचं. विभागाचा क्रमांक बदलला की यंत्र थांबणार, एकूण बेरीज छापणार आणि पुढे जाणार. आज रिपोर्ट डिझायनरमध्ये आपण ज्याला ग्रुप फूटर म्हणतो ना, तो हाच.

इथे "डेटा सोर्स कोणता" हा प्रश्नच नव्हता. समोर ठेवलेला गठ्ठा हाच सोर्स. पण नीट बघितलं तर आपल्या सगळ्या अडचणींची बीजं इथेच आहेत. गठ्ठा एका वेळी एकाच क्रमाने लावता येतो, त्यामुळे रिपोर्टचा क्रम म्हणजे गठ्ठ्याचा क्रम. कोणी चार कार्डं दुरुस्तीसाठी काढून नेली असतील तर बेरीज चार कार्डांनी कमी. आणि दोन विभागांना एकाच वेळी गठ्ठा हवा असेल तर कार्डांची नक्कल पंच करून घ्यायची. एकदा नक्कल झाली की पंधरा दिवसांत दोन गठ्ठ्यांमध्ये फरक पडणार. मग खरा गठ्ठा कोणता?

आजोबा, बाप आणि मुलगा

ऑक्टोबर १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ हा संगणक जाहीर केला. त्याच्याबरोबर १४०३ हा प्रिंटर होता, मिनिटाला ६०० ओळी छापणारा. त्या काळच्या मानाने हा प्रिंटर म्हणजे राक्षसच. या १४०१ साठी जी भाषा आली तिचं नावच मुळी रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर, म्हणजे आपली आरपीजी. टॅब्युलेटरवर काम केलेल्या लोकांना जवळची वाटेल अशीच ती बनवली होती. एक रेकॉर्ड वाच, गट बदलला का ते बघ, बदलला असेल तर बेरीज छाप, मग ओळ छाप, पुन्हा पुढचा रेकॉर्ड. हे चक्र भाषेतच बांधलेलं, प्रोग्रॅमरने फक्त तक्ते भरायचे. कोबोलमध्येही पुढे याच कामासाठी रिपोर्ट रायटर नावाचा वेगळा भाग आला. थोडक्यात काय, तर धंद्यातला संगणक बऱ्याच अंशी छापील रिपोर्टसाठीच जन्माला आला.

डेटा आता मॅग्नेटिक टेपवर गेला. टेपवर मधलाच रेकॉर्ड जागच्या जागी बदलणं अवघड. त्यामुळे अशी पद्धत पडली: कालची मास्टर टेप एका बाजूला, आजचे व्यवहार क्रमाने लावून दुसऱ्या टेपवर, दोन्ही वाचत वाचत तिसऱ्या कोऱ्या टेपवर नवी मास्टर लिहायची. जुन्या टेप फेकायच्या नाहीत. आजची टेप मुलगा, कालची बाप, परवाची आजोबा. या पद्धतीला खरंच असं घरगुती नाव होतं.

आता रिपोर्टच्या दृष्टीने याचा विचार करा. नवी मास्टर लिहून झाली की ती गोठली. रिपोर्ट त्या टेपवरून काढला तर छपाई चालू असताना त्यात काहीही बदलू शकत नाही. रिपोर्ट हरवला? तीच टेप चढवा, पुन्हा काढा, तोच आकडा येणार. कोणी विचारलं "हा आकडा कधीचा?" तर उत्तर तयार: या टेपच्या तारखेचा. आज ज्यासाठी आपण डोकं फोडतो ती सुसंगती टेपच्या जमान्यात फुकट मिळत होती. कोणाच्या हुशारीमुळे नव्हे, टेपच्या मर्यादेमुळे. अडचण वेगळीच होती: आकडा कालचा असायचा. मॅनेजरला आजचा हवा असायचा.

डिस्क आली आणि जमीन हलायला लागली

१९५६ मध्येच आयबीएमने रॅमॅक काढला होता, ५० तबकड्यांची डिस्क, ५० लाख अक्षरं मावतील एवढी. डिस्कवर मधलाच रेकॉर्ड वाचता येतो, बदलता येतो आणि जुन्या किमतीवर नवी लिहिता येते. १९६० च्या दशकात विमानांची आरक्षणं अशी ऑनलाइन झाली, हळूहळू बँकांचीही खाती झाली. मॅनेजरची "आजचा आकडा" ही हौस फिटली. पण त्याबरोबर जुनी किंमत पुसली गेली आणि बाप-आजोबा घरातून गेले.

आणि एक नवीनच लोचा झाला. रिपोर्ट चालू असताना खालचा डेटा बदलायला लागला. उदाहरण घेऊ. सगळ्या खात्यांची यादी छापून खाली एकूण बेरीज द्यायची आहे. खाती क्रमाने वाचली जातायत. १२ नंबरच्या खात्यात ५०,००० रुपये होते, ते वाचून छापले. रिपोर्ट पुढे ३००-४०० पर्यंत पोचला. तेवढ्यात काउंटरवर कोणीतरी ९०० नंबरच्या खात्यातून १०,००० रुपये १२ नंबरमध्ये वळते केले. व्यवहार चोख झाला. काही वेळाने रिपोर्ट ९०० वर पोचला आणि त्याने तिथली कमी झालेली रक्कम वाचली. बेरीज १०,००० ने कमी आली! पैसे कुठेही गेले नाहीत, एकही नोंद चुकलेली नाही, एकही बग नाही. तरी कागदावर दहा हजारांची तूट. आता ही तूट कोणाच्या माथी मारायची, काउंटरवरच्या क्लार्कच्या?

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉडने रिलेशनल मॉडेलचा तो प्रसिद्ध पेपर लिहिला. त्यातला मुख्य आग्रह असा की डेटा यंत्रात कसा मांडलाय याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये. रिपोर्टवाल्यांच्या भाषेत: गठ्ठ्याचा क्रम, इंडेक्स, पॉइंटर हे सगळं विसरा, काय हवंय तेवढं सांगा. त्यातून आयबीएममध्येच सिस्टीम आर हा प्रयोग झाला, एसक्यूएल आली आणि व्ह्यू आला. व्ह्यू म्हणजे टेबलासारखी दिसणारी पण आत क्वेरी असलेली खिडकी. माझ्या मते रिपोर्टच्या इतिहासातला हा सगळ्यात दुर्लक्षित शोध. टेबलांची रचना आतून बदलली तरी व्ह्यू तोच ठेवला की रिपोर्टला पत्ता लागत नाही. रिपोर्ट आणि टेबलं यांच्यामधला तो लेखी करारच.

पण व्ह्यूने "कुठून" एवढंच सुटलं, "कधीचा" राहिलाच. त्यावर १९७६ मध्ये जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुसंगतीच्या पायऱ्या मांडल्या. वाचणाऱ्याने किती कुलपं लावायची आणि किती वेळ धरून ठेवायची, त्यावर त्याला किती सुसंगत चित्र दिसणार ते ठरतं. सगळी कुलपं शेवटपर्यंत धरून ठेवलीत तर बेरीज शंभर टक्के बरोबर, पण रिपोर्ट संपेपर्यंत काउंटर बंद. कुलपं लगेच सोडलीत तर काउंटर सुरू, पण वरचा दहा हजारांचा घोळ शक्य. आज आपण ज्यांना आयसोलेशन लेव्हल म्हणतो त्यांचं मूळ हेच.

मधला रस्ता निघाला तो जुन्या आवृत्त्या जपण्याचा. कोणी रेकॉर्ड बदलला तरी आधीची किंमत थोडा वेळ बाजूला ठेवायची आणि आधीच सुरू झालेल्या रिपोर्टला तीच दाखवायची. ओरॅकलमध्ये हे १९८४ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. बघा हं, आजोबा-बाप परत आले, फक्त आता टेपच्या रॅकवर नाही तर अनडू सेगमेंटमध्ये!

यातही एक मेख आहे. ओरॅकलमध्ये नेहमीच्या सेटिंगला ही हमी एका क्वेरीपुरती असते. रिपोर्टमध्ये मुख्य क्वेरी एक आणि सबरिपोर्टच्या क्वेऱ्या तीन असतील, तर चार क्वेऱ्या चार वेगळे क्षण पाहतात. वरची यादी १० वाजून ५ मिनिटांची, खालचा गोषवारा १० वाजून ७ मिनिटांचा. दोन्ही आपापल्या जागी खरे, आणि एकमेकांशी जुळत नाहीत. सगळ्या क्वेऱ्या एकाच स्नॅपशॉटच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालवल्या तरच कागद एका क्षणाचा होतो.

फॉक्सप्रो आणि त्याचे चुलतभाऊ

१९८० च्या दशकात पीसी आले. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो. आपल्याकडे कितीतरी लोकांनी गल्लीतल्या क्लासमध्ये याच्यावरच प्रोग्रॅमिंग गिरवलं, आणि १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्सचा तो किर्र आवाज अजून कानात असेल. मजा म्हणजे मेनफ्रेमवाल्यांनी वीस वर्षांत जे शिकून घेतलं होतं ते पीसीवाल्यांनी पहिल्यापासून पुन्हा शिकायला घेतलं.

डीबेस घराण्यात रिपोर्ट म्हणजे चालू वर्क एरियात उघडलेल्या टेबलवरून वरपासून खालपर्यंत केलेला प्रवास. क्रम हवा तर इंडेक्स लावा, दुसरं टेबल हवं तर रिलेशन जोडा. थोडक्यात पुन्हा कार्डांचा गठ्ठा. रिपोर्ट संपला की रेकॉर्ड पॉइंटर शेवटी जाऊन पडलेला, आणि स्क्रीनवर युजर ज्या ग्राहकाची नोंद बघत होता ती गायब. मग जाणती मंडळी सांगायची, "अरे, थेट टेबलवर रिपोर्ट चालवू नको. आधी सिलेक्ट करून कर्सर बनव, मग त्या कर्सरवर चालव." १९९१ च्या फॉक्सप्रो २.० मध्ये एसक्यूएलची सिलेक्ट आज्ञा आली, तेव्हापासून हे सोपं झालं. डेटा एकदा उचलायचा, तात्पुरत्या कर्सरमध्ये गोठवायचा आणि छपाई त्या गोठलेल्या प्रतीवरून करायची. टेपवाल्यांचीच युक्ती!

इथेही एक सापळा होताच. क्वेरी एकाच टेबलवरची असेल आणि इंडेक्सने पूर्ण सुटणारी असेल, तर फॉक्सप्रो हुशारी करून खरी प्रत बनवायचाच नाही. मूळ टेबल पुन्हा उघडून त्यावर फक्त फिल्टर लावायचा आणि तुम्हाला वाटायचं की आपल्या हातात कर्सर आहे. म्हणजे तुम्ही समजताय गोठलेली प्रत, आणि प्रत्यक्षात आहे जिवंत टेबल. पुढे "नोफिल्टर" असं स्पष्ट लिहून खरी प्रत मागायची सोय आली. वेग आणि खात्री यात न विचारता निवड झाली की काय होतं याचं यापेक्षा छोटं उदाहरण मला माहीत नाही.

मग आलं क्रिस्टल रिपोर्ट्स. कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका अकाउंटिंग पॅकेजचे रिपोर्ट काढायला म्हणून हे सुरू झालं, आणि १९९३ पासून व्हिज्युअल बेसिकबरोबर मिळायला लागल्यावर घरोघरी पोचलं. माऊसने टेबलं ओढा, रेघांनी जोडा, फॉर्म्युला टाका, रिपोर्ट तयार. मॅनेजर खूश. पण टेबलांची जोडणी आणि हिशोबाचे नियम आता रिपोर्टच्या फाइलमध्ये जाऊन लपले. "निव्वळ विक्री" म्हणजे काय, परतावा वजा करायचा की नाही, हे प्रत्येक रिपोर्ट स्वतःच ठरवायला लागला. त्या फाइली बायनरी, त्यामुळे आत शोधताही येत नाही. ज्यांनी कधी एका कॉलमचं नाव बदललंय आणि मग ऐंशी रिपोर्ट एकेक करून उघडून पाहिलेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

त्यावर दोन पंथ निघाले. एक म्हणायचा, रिपोर्टने स्वतः डेटाबेसमधून ओढावं, पण थेट टेबलांवरून नाही, व्ह्यू किंवा स्टोअर्ड प्रोसिजरमधून. दुसरा म्हणायचा, डेटा प्रोग्रॅमने गोळा करून तयार ताट रिपोर्टपुढे ठेवावं, त्याने फक्त वाढायचं. भांडण बरंच चाललं. मला दोन्ही बाजू पटतात, कारण दोघांचंही म्हणणं मुळात एकच आहे: हिशोबाचा नियम एका जागी असू दे.

आणि या सगळ्यात एक वाईट सवयही लागली. रिपोर्टमुळे एंट्रीवाल्यांचे स्क्रीन अडकायला लागले की क्वेरीत "नोलॉक" टाकून द्यायचं. रिपोर्ट पळतो! पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचा अर्थ असा की अजून पक्का न झालेला, कदाचित पुढच्या क्षणी मागे घेतला जाणारा व्यवहारही तुमच्या बेरजेत येऊ शकतो. एखादी ओळ दोनदा येऊ शकते, एखादी सुटूही शकते. २००५ च्या आवृत्तीपासून तिथे स्नॅपशॉटची सोय आहे. तरी सवय काही जात नाही.

रात्रीची प्रत

१९८८ मध्ये आयबीएमच्याच बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी मांडलं की रोजच्या व्यवहाराचा डेटाबेस वेगळा ठेवा आणि रिपोर्टसाठी वेगळं कोठार करा. १९९२ मध्ये बिल इनमनचं आणि १९९६ मध्ये राल्फ किंबॉलचं पुस्तक आलं, आणि डेटा वेअरहाउस हा शब्द प्रत्येक बायोडेटावर झळकायला लागला. रात्री डेटा उचलायचा, साफ करायचा, कोठारात भरायचा आणि सकाळी सगळे रिपोर्ट तिथून काढायचे. आकडा पुन्हा कालचाच, पण यावेळी तो तसा जाणूनबुजून निवडलेला.

कोठारवाल्यांची एक गोष्ट रोजच्या सॉफ्टवेअरनेही उचलायला हवी: गोष्ट घडली तेव्हाची किंमत जपायची. साधं बिल घ्या. बिलाच्या टेबलात फक्त वस्तूचा कोड आणि नग ठेवले, आणि छापताना दर व कर आयटम मास्टरमधून जोडून आणले, तर पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं. मग कर बदलतो. १ जुलै २०१७ ला आपल्याकडे जीएसटी आला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कितीतरी वस्तू २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला तर दरांची सगळी मांडणीच बदलली. असं बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टर बदलल्यावर जुनं बिल पुन्हा छापा, ते नव्या दराने निघणार. ग्राहकाकडे एक कागद, तुमच्याकडे दुसरा, नंबर आणि तारीख तीच. ऑडिटरला काय सांगणार, "सर, जॉइन चुकला"?

कागद कोर्टात जातो तेव्हा

इथपर्यंत वाचून वाटेल, ठीक आहे, दहा हजारांची तूट आज दिसली, उद्या सापडेल, एवढं काय? म्हणून आता ब्रिटनमधली एक गोष्ट सांगतो.

तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखांमध्ये होरायझन नावाची सिस्टीम बसवली. बनवणारी कंपनी आयसीएल, म्हणजे पुढची फुजित्सू. गावोगावच्या शाखा चालवणारे सबपोस्टमास्टर म्हणजे बहुतेक छोटे दुकानदार. सिस्टीममध्ये तूट दिसली की ती त्यांनी खिशातून भरायची. नाही भरली तर चोरी नाहीतर खोट्या हिशोबाचा खटला. होरायझनच्या आकड्यांवर उभ्या राहिलेल्या अशा खटल्यांत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कितीतरींचं दिवाळं निघालं. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला की सिस्टीममधल्या दोषांमुळे शाखांच्या हिशोबात तूट येऊ शकत होती आणि आलीही होती. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २०२४ मध्ये तर बाकीच्यांसाठी संसदेने वेगळा कायदाच केला.

होरायझनमध्ये खरेखुरे बगही होते, त्यामुळे सगळा दोष डेटा सोर्सवर टाकता येणार नाही. पण त्यातलं एक छोटं प्रकरण आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातं. ऑक्टोबर २०१२ मध्ये यॉर्कशायरमधल्या लेप्टनच्या शाखेत एका ग्राहकाने ७६ पौंड ९ पेन्सचं टेलिफोन बिल भरलं. मध्येच कनेक्शन गेलं. कनेक्शन परत आल्यावर रिकव्हरी करताना सिस्टीमने तो व्यवहार उलटवला. ग्राहक तोवर निघून गेला होता. ७६ पौंड शाखेच्या अंगावर आले. पोस्टमास्टर म्हणाला, मी काहीही उलटवलेलं नाही. त्याने पैसे भरले, पण आपल्या नावाला डाग नको म्हणून स्वतःचा हिशेबतज्ज्ञ लावला.

पोस्ट ऑफिसची माणसं रोजच्या चौकशीसाठी क्रेडेन्स नावाच्या माहिती सिस्टीममधून रिपोर्ट काढायची. त्या रिपोर्टमध्ये व्यवहार उलटवणारा म्हणून स्वच्छपणे पोस्टमास्टरचा युजर आयडी दिसत होता. फुजित्सूकडच्या खोलातल्या नोंदी मागवल्या तेव्हा कळलं की हे सिस्टीमने रिकव्हरीत केलं होतं. जून २०१३ मध्ये या प्रकरणावर पोस्ट ऑफिसच्याच एका तपास अधिकाऱ्याने अंतर्गत टिपण लिहिलं. त्यातली काळजी अशी की कोर्टात पुरावा म्हणून ज्या नेहमीच्या ऑडिट नोंदी दिल्या जातात त्यांच्यातही हा फरक दिसत नाही, आणि आणखी कोणते रिपोर्ट मागायचे हेच माहीत नसेल, तर कोर्टापुढे खरं चित्र जात नाही.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. कारण ही चूक मी करू शकलो असतो. व्यवहाराच्या टेबलातून रिपोर्टच्या टेबलात डेटा नेताना "हा कॉलम कशाला? रिपोर्टवर कोण बघतंय?" म्हणून "कोणी केलं, माणसाने की सिस्टीमने" हा एक कॉलम सोडून द्यायचा. टेबल आटोपशीर होतं, रिपोर्ट पळतो. आणि काही वर्षांनी कोणीतरी तो कागद हातात घेऊन एका माणसाला विचारतं, "हे तू केलंस ना? इथे तुझं नाव आहे."

मग त्या मुलाला काय सांगू?

सव्वाशे वर्षांचा हिशोब केला तर मला एवढंच दिसतं की डेटा सोर्सची निवड म्हणजे कागद कशाचा पुरावा आहे याची निवड. टेबल की व्ह्यू की प्रोसिजर हा त्यानंतरचा प्रश्न. आधी विचारायचं, हा कागद कोणत्या जातीचा?

काही कागद दस्तऐवज असतात: बिल, पावती, पगाराची स्लिप. त्यांचा सोर्स म्हणजे त्या क्षणी लिहून गोठवलेल्या ओळी, दर, कर आणि नावासकट. मास्टरला जॉइन करायचाच नाही. दहा वर्षांनी छापलं तरी तेच निघालं पाहिजे.

काही कागद हिशोब असतात: तेरीज, स्टॉक, येणेबाकी. त्यांना "अमुक क्षणाचा" हे हवंच. सगळ्या क्वेऱ्या एका स्नॅपशॉटवर, किंवा बंद केलेल्या महिन्याच्या प्रतीवर. आणि ती वेळ डेटाबेसच्या घड्याळाने कागदावर छापायची. ज्या पीसीवरून प्रिंट दिली त्याची वेळ नको.

काही कागद कामाच्या याद्या असतात: आज कोणाला काय पाठवायचं, कोणता रॅक रिकामा आहे. त्या खुशाल जिवंत टेबलांवरून काढा. संध्याकाळी त्या रद्दीत जाणार आहेत. खरा घोळ होतो तो अशी यादी कोणीतरी जपून ठेवतं आणि वर्षभराने पुरावा म्हणून पुढे करतं तेव्हा. म्हणून तिच्यावरही वेळ आणि सोर्स छापायचा.

आणि प्रत कुठलीही काढा, रात्रीची असो की कर्सरमधली, मूळ नोंदीपर्यंत परत जायचा धागा तोडायचा नाही. कोणी केलं, कधी केलं, माणसाने की मशीनने, मूळ व्यवहार क्रमांक कोणता. चार कॉलम जास्त गेले तर जाऊ देत, डिस्क स्वस्त आहे.

असो. त्या मुलाचा महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट दुसऱ्या जातीचा आहे. सोमवारी त्याला आधी विचारणार आहे, "या कागदावर सही कोण करणार, आणि तो कुठे जाणार?" ते कळलं की सोर्स कोणता घ्यायचा हे त्याचं त्यालाच सुचेल. फास्ट पळवायचं कसं ते आपण मग बघू.